‘सर्वजण’ या गटात कोण येतं

कोणत्याही घराचा कारभार शेवटी एकाच प्रश्नावर चालतो: कोणाला कशाला हात लावू द्यायचा नाही. पूर्वी हे काम डोळे वटारून, खाकरून किंवा कपाटाचं दार जरा जोरात लावून भागत असे. आता त्यासाठी यंत्र मिळतं.

आप्पांच्या घरी हे यंत्र चपलांच्या कपाटावर बसलं. घरातले सगळे फोटो आणि फायली त्यात साठतात आणि प्रत्येकाला आपापल्या फोनवर किंवा टीव्हीवर दिसतात (दिसावेत, अशी अपेक्षा आहे). आईच्या साठाव्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून जुने फोटो पाहावेत, म्हणून मुलाने ते परगावाहून पाठवलं होतं. प्रशासकपद आप्पांकडे आलं, कारण आप्पा निवृत्त ग्रंथपाल. मुदत उलटलेलं पुस्तक परत मागतानाही जो स्वतःच माफी मागत असे, त्या माणसाच्या हाती म्हातारपणी ‘परवानगी’ आणि ‘मनाई’ अशी दोन बटणं आली. सकाळपासून ते शीळ घालत होते.

जावई सोफ्यावर बसून दर चहामागे, जमत नसेल तर मी बघतो, असं म्हणत होता. (जावयाला संगणकातलं कळतं. हे घरात सर्वांना माहीत आहे, कारण तो सांगतो.) संध्याकाळी फोटो दिसले नाहीत तर पद जावयाकडे जाणार, हे न बोलताच ठरलं होतं.

आप्पांनी धोरण आखलं. जावयाला वाचनाची परवानगी, लेखनाची नाही. म्हणजे त्याने फोटो बघावेत, उडवू नयेत. जावयाने बायकोला विचारलं की तुझ्या वडिलांच्या मते मला लिहिता येत नाही का. तिने स्वतःचं नाव शोधलं, तर ते कुठेच नव्हतं. बाहेरून येणाऱ्यांसाठी यंत्रात ‘पाहुणा’ नावाची सोय होती, तिथे आप्पांनी तिला बसवलं होतं.

“आप्पा, मी पाहुणी?”

“अगं, यंत्राची भाषा आहे ती.”

“मग यंत्राला माझं लग्न झाल्याचं कोणी सांगितलं?”

आप्पांनी घाबरून पाहुण्याला वाचन, लेखन, सगळंच देऊन टाकलं. तेवढ्याने भागेना, म्हणून तिचं वेगळं खातं उघडलं. तोवर सुनेचा फोन आला, की मला ‘फोटो’ दिसतात आणि ‘जुने फोटो’ दिसत नाहीत, हे मुद्दाम आहे का. एका पाहणीनुसार (पाहणी आप्पांनी न्हाणीघरात बसून केली) या घरातली नव्वद टक्के भांडणं आजवर विनाकारण होत. आता प्रत्येकाला स्वतंत्र कारण मिळालं होतं. याला प्रगती म्हणतात.

दुपारी जावयाने बायकोच्या खात्यातून शिरून फोटो ‘नीट लावले’. म्हणजे त्याच्या लग्नाआधीचे सगळे ‘इतर’मध्ये गेले. तेव्हा आप्पांनी आयुष्यातलं पहिलं कडक पाऊल उचललं. ‘सर्वजण’ या गटाला सरसकट मनाई, मग एकेकाला हाताने परवानगी. विचार निर्दोष होता. फक्त परवानगी आणि मनाई यांची गाठ पडली की मनाई जिंकते, हा यंत्राचा नियम होता. सगळ्यांचे फोटो एकदम गेले. आप्पांचेही.

मुलगा फोनवर हसत सुटला. “आप्पा, ज्याचं खातं आहे तो प्रत्येक जण ‘सर्वजण’मध्ये येतो. तुम्हीही.”

“मी? मी कसा?” आप्पांनी विचारलं. सर्वजण म्हटल्यावर त्यांनी स्वतःला आजवर कधी मोजलं नव्हतं.

जावई बाह्या सरसावून उठला. सगळे चपलांच्या कपाटाभोवती जमले. इतक्यात बाहेरच्या खोलीतून हसू ऐकू आलं. आप्पांची बायको पाय वर घेऊन बसली होती आणि टीव्हीवर बेलबॉटम घातलेले आप्पा एका खांबाला टेकून दूरवर बघत होते.

“अहो, या विजारीत वारा शिरला की तुम्ही आडवे चालायचात.”

मग फोटोंवर फोटो निघाले. जावई इतका हसला की त्याला ठसका लागला. शेवटी त्यानेच विचारलं, “आई, तुम्ही आत शिरलात कशा?”

“टीव्हीने विचारलं, कोण आहात. ‘पाहुणा’ दाबलं.”

तांत्रिक खुलासा असा: घरातल्याच माणसाला कसलं खातं, असं म्हणून आप्पांनी तिचं खातं उघडलंच नव्हतं. त्यामुळे ती ‘सर्वजण’मध्ये नव्हती आणि मनाई तिला लागू होत नव्हती. फोटोंतही ती नव्हती, कारण कॅमेरा कायम तिच्या हातात असे. (दोन फोटोंत तिची सावली आहे.)

आप्पा ओशाळले. “तुझं खातं उघडतो. कोणत्या गटात घालू?”

“राहू द्या,” ती म्हणाली. “पाहुण्याला सगळं करता येतं. ती विजार मी सगळ्यांच्या पहिल्या पानावर लावलीय.”

आप्पांनी मनाई उठवली, पद वाचलं, विजार राहिली. सर्वजण खुशीत पांगले (गटाची व्याख्या वर दिली आहे). तिला शुभेच्छा द्यायचं मात्र कोणालाच सुचलं नाही. वाचकांना दोष देता येत नाही, त्यांना फक्त वाचनाचीच परवानगी होती. पण वाढदिवस आहे, हे दुसऱ्याच परिच्छेदात सांगितलं होतं, आणि तेव्हापासून आपणही यंत्राकडेच बघत होतात.