या नावाचं इथं कुणी राहत नाही

नातू पदवीधर झाला आणि आमच्या दाराचं सुख संपलं. कुठलं पोरगं शिकून घरी बसलंय, याचा वास कोर्स विकणाऱ्यांना कसा लागतो देव जाणे. "हा कोर्स करा, नोकरी नक्की!" (नक्की असती तर तू कशाला दारोदार फिरला असतास?) शेवटी मी ठरवलं, जो नातवाचं नाव घेईल त्याला वाटेला लावायचं.

त्याच दुपारी बेल वाजली. दारात टायवाला, बगलेत फाईल. त्यानं नातवाचं पूर्ण नाव घेतलं. "इथंच राहतात ना?"

"नाही."

"पण पत्ता तर हाच आहे."

"या नावाचं कुणी या घरात जन्मलंच नाही. चालू पड!"

दार आपटून मी आडवा झालो, तर सून आली. "मामंजी, कोण होतं?"

"कोर्सवाला. हाकलला."

"अहो, आपल्या पोराला नोकरी देणाऱ्या कंपनीचा माणूस असेल तो! पत्ता खरा आहे का ते बघायला येणार होता. सकाळी दोनदा सांगितलं तुम्हाला!"

(सांगितलं असेल. सून बोलायला लागली की माझे कान आपोआप मिटतात.)

पोरानं किती चपला झिजवल्या, तेव्हा कुठं ही नोकरी मिळत होती. आणि मी ती दारातनं पिटाळली! बनियनवरच धावलो. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात सुनेची.

टायवाला समोरच्या शिंप्याकडे चौकशी करत होता. शिंप्याचं नि माझं एका विजारीवरून कायमचं वाकडं. म्हटलं, आटोपलं!

"साहेब, माझाच नातू तो! इथंच राहतो!"

"मघाशी तर जन्मलाच नाही म्हणालात."

"आता जन्मला समजा!"

शिंप्यानं सुईतून दोरा ओढला. "राहतो की. या म्हाताऱ्याचाच नातू."

"स्वभावानं कसा आहे? कडक साहेब मिळाला तर टिकेल?"

शिंप्यानं मला वरपासून खालपर्यंत, दोन्ही चपलांसकट, न्याहाळलं. "लहानपणापासून याच्याजवळ टिकलाय. तुमचा साहेब काय घेऊन बसलात!"

टायवाल्यानं हसत हसत सही ठोकली. माझा जीव भांड्यात पडला. तोंडात चार शिव्या आल्या होत्या, पण गिळल्या आणि मुकाट मान डोलावली.

संध्याकाळी नातू आला. शिंप्यानं वाटेतच त्याला सगळं सांगितलं होतं. माझ्या गळ्यात पडून म्हणतो कसा, "आजोबा, जिथं जावं तिथं अनुभव मागायचे. माझ्याकडे एवढा दांडगा अनुभव आहे, हे आधी सुचलंच नाही हो!"