त्रेचाळीस दातांची चकती

माझ्या नवऱ्याने माझ्या कढईत साखळी तळली. मोटारसायकलची. आधी ती रॉकेलमध्ये धुतली, मग कढईत चरबी वितळवून मंद आचेवर सोडली. मी ओरडले तर म्हणाले, "अवं, वरून चोपडून काय होते? कडीकडीत शिरलं पाह्यजे." त्या दिवशी पोरांना पिठलं मडक्यात केलं.

मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात ते फिटर होते. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, मीही तेच म्हणत असे. जिनाच्या शेठनी एका साहेबाची जुनी मोटारसायकल मुलासाठी घेतली होती. मुलगा तिच्यावर बसायचा, मिस्त्री तिला पुसायचे, खोलायचे, जोडायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. साहेब लोक आणि पैसेवाल्यांची पोरं हिवाळ्यात मलकापूर ते बुलढाणा शर्यत लावत. शेठ म्हणाले, "मिस्त्री, पोरगा पहिला आला तर शर्यतीनंतर गाडी तुमची. नाही आला तर विकून टाकतो."

झालं. घरात दुसरं बोलणं उरलं नाही.

अडचण होती मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीची. मोठी चकती घाटात ओढते, पण सपाटीवर गाडी रखडते. लहान चकती सपाटीवर पळते आणि राजूरच्या घाटात दम टाकते. रस्ता तर आधी सपाट, मग घाट. जिनातल्या रहीमभाईंनी तीन चकत्या कापून दिल्या. चाळीस, त्रेचाळीस आणि सेहेचाळीस दातांच्या. त्यांतली कोणती, हे मिस्त्री भेटेल त्याला विचारत. बैलबाजारात एका शेतकऱ्याला धरलं, "बैलाचे दात पाह्यतं बे, मंग गाडीचे काऊन नाही?" न्हावी म्हणाला, "चाळीसची लावा, मोजाले सोपी." मिस्त्री अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. कोणी काही सांगितलं की यांचं उत्तर एकच, "पक्कं नाही अजून."

घाटात गाडी तपासायची तर धाकट्या शेठचं, म्हणजे शेठच्या मुलाचं, वजन हवं. ते उन्हात यायला तयार नव्हते. मिस्त्रींनी त्यांना कापसाच्या काट्यावर बसवलं आणि समोरच्या पारड्यात स्वतः बसले. पारडं हललं नाही. मग मला बोलावणं आलं. मी डोक्यावरून पदर घेऊन त्यांच्याजवळ बसले, तेव्हा काटा सरळ झाला. धाकटे शेठ एकटे आम्हा दोघांच्या भारोभार होते. रहीमभाई हसून खाली बसले.

ऐतवारी मिस्त्रींनी माझ्या लुगड्याचे काठ सुतळीने बांधले आणि मला मागे बसवलं. सासूबाई दारातून ओरडल्या, "सुनेले फटफटीवर घेऊन कुठं चालला बे?"

"कामाले चाललो, माय. वजन पाह्याले."

"मंग गोणी ने ना!"

"गोणी घाटात सरकते."

त्या पावसाळ्यात आमची धाकटी मुलगी गेली होती. तेव्हापासून मी घरात कामापुरतं, नाही तर ओरडण्यापुरतंच बोलत होते. कोणी येऊन काही समजावलं असतं तर मी उठून गेले असते. मिस्त्रींनी कधी समजावलं नाही. त्यांच्याजवळ चकतीशिवाय विषय नव्हता, असं मला वाटे.

घाट चढून वर गेलो. गाडी तापली होती, म्हणून थांबलो. खाली सगळं रान दिसत होतं. मी म्हटलं, "वारा बरा आहे इथं." मग मुलीचं नाव घेतलं. मी पुष्कळ बोलले. ते चकतीकडे बघत ऐकत होते. उतरताना म्हणाले, "पक्कं नाही अजून. पुढच्या ऐतवारी पुन्हा पाहू."

असे सहा ऐतवार गेलो. कधी ही चकती, कधी ती. चकती बदलली की साखळीची कडी काढायची, घालायची, वर ती निसटू नये म्हणून जोडकडीची क्लिप बसवायची. हात काळे, नखं काळी, भाकरीसुद्धा काळी.

सहावा ऐतवार शर्यतीच्या आदल्या दिवशीच आला. त्रेचाळीसची चकती लावून गाडी तयार उभी होती. दुपारी मिस्त्रींनी तीच खोलली आणि सेहेचाळीसची चढवली. "एकदा शेवटचं पाहून घेऊ," म्हणाले. आम्ही वर गेलो, परत आलो तर दिवस मावळत होता. शेठचा माणूस गाडी न्यायला दारात उभा. मिस्त्रींनी घाईघाईत पुन्हा त्रेचाळीसची बसवली.

सकाळी धाकटे शेठ सगळ्यांच्या पुढे निघाले. मोताळ्याच्या अलीकडे साखळी उडाली. गाडी ढकलत आणली. क्लिप उलटी बसली होती. तिचं बंद तोंड पुढं असावं लागतं, ते मागं होतं. नव्या शिकाऊ उमेदवाराकडूनही अशी चूक होत नाही. आठ दिवसांत गाडी विकली गेली. मिस्त्री ती जाताना बघायलासुद्धा बाहेर आले नाहीत. "हात चुकला," एवढंच म्हणाले. मीही त्यांना बावळट म्हटलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं म्हटलं.

मिस्त्री गेले, तेव्हा तेराव्याला रहीमभाई आले. म्हातारे झाले होते. चहा घेताना गाडीची गोष्ट निघाली. मी म्हटलं, "सहा ऐतवार घातले आणि चकती काही ठरली नाही."

रहीमभाईंनी कप खाली ठेवला. "भाभी, चकती तर पयल्याच ऐतवारी ठरली होती. त्रेचाळीस. मी म्हटलं, मिस्त्री, कायले सारखी खोलतं बे? तो म्हने, वर गेली का ती बोलते, घरी नाही बोलत."

मी त्यांना आणखी चहा हवा का विचारलं. ते नको म्हणाले.