राईस मिलचा सुधारित आवाज

आमच्या राईस मिलचा आवाज खराब आहे, असा ठराव संस्थेच्या मासिक सभेत सर्वानुमते मंजूर झाला. आवाज म्हणजे यंत्राचा नव्हे. यंत्राचा आवाजही खराबच आहे, रबराचा रोलर दोन हंगामांपासून बदललेला नाही, पण तो विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. सध्याचा विषय ब्रँडच्या आवाजाचा होता. ठराव मी मांडला, अनुमोदन माझ्या शेजारी बसलेल्या सदस्यानं दिलं आणि बाकीचे सदस्य चहाची वाट पाहत होते.

मी सेवकराम, या सहकारी संस्थेचा सचिव. मोहाडीपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव आणि गावाच्या तोंडाशी आमची मिल. आता ब्रँडचा आवाज म्हणजे काय, तर संस्था गिऱ्हाइकाशी ज्या सुरात बोलते तो. आमची संस्था गेली एकतीस वर्षं मिल चालवणाऱ्या घनश्यामच्या तोंडानं बोलते आहे, आणि घनश्यामचं तोंड कसं आहे हे साकोलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याची पद्धत अशी. गिऱ्हाईक धानाचे कट्टे घेऊन आलं की हा कट्ट्याचं तोंड सोडणार, आत कोपरापर्यंत हात घालून चार दाणे काढणार आणि एक दाताखाली धरणार. दाणा कटकन तुटला तर धान वाळलेलं. नुसता चेपला तर ओलं. ओलं धान भरडलं की दाणा मोडतो आणि तांदळाऐवजी कणी हाती येते. मग हा भर रांगेत म्हणणार, "काहून आनलं बे असं? दोन उनं दाखव, मंग ये." असं म्हणून कट्टा पायानं बाजूला सारणार. समोर कोण आहे हे बघायची रीतच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ठराव मी वैयक्तिक रागातून मांडला, असं काही लोक म्हणतात. ते साफ खोटं आहे. त्यानं माझं धान परत पाठवलं होतं हे खरं, "सचिवाचं धान हाये म्हनून का लवकर वाळते का?" असं वीस माणसांदेखत म्हटलं होतं हेही खरं, आणि ती वीस माणसं हसली होती. पण त्या घटनेनंतर नागपूरच्या कार्यशाळेला मी गेलो तो केवळ संस्थेच्या हितासाठी.

कार्यशाळेत मला 'ब्रँडमित्र' नावाचं सॉफ्टवेअर भेटलं. ते गिऱ्हाइकाच्या भावना मोजतं आणि शंभरापैकी गुण देतं. त्या गुणांना ग्राहक-भावनांक म्हणतात. आठवड्याभरात कंपनीच्या टीना मॅडम मिलमध्ये आल्या. जिथं धान ओततात त्याच्या वर त्यांनी एक माइक लावला, माइकशेजारी एक दिवा लावला आणि काउंटरवर एक टॅबलेट ठेवला. टॅबलेटवर तीन तोंडं होती, हिरवं हसरं, पिवळं गप्प आणि लाल रडकं. घनश्याम गोड बोलला की दिवा हिरवा व्हायचा, गप्प राहिला की पिवळा आणि वाकडं बोलला की लाल. पहिल्या दिवशी दिवा सकाळी लाल झाला तो जेवायच्या सुट्टीतच विझला.

अहवाल आला. आमच्या ब्रँडचं व्यक्तिमत्त्व 'संतप्त नातेवाईक' निघालं. भावनांक चौतीस. त्यातही एक अडचण होती. आमच्याकडे मनापासून कौतुक करायचं झालं तर माणूस 'जमते' म्हणतो. पोरीचं स्थळ पसंत पडलं तरी बाप 'जमते' एवढंच म्हणणार. हे 'जमते' सॉफ्टवेअरनं 'उदासीन' या खात्यात टाकलं. टीना मॅडमनी विचारलं, इतकं वाईट बोलणं ऐकून घ्यायला लोक पस्तीस किलोमीटरवरून का येतात? मी म्हटलं, मॅडम, त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना आहे का? त्या म्हणाल्या, नाही. मग आम्ही दोघांनी तो प्रश्न सोडून दिला.

सुधारणा सुरू झाली. 'नाही' या शब्दाला बंदी आली. दाणा दाताखाली धरायलाही बंदी आली, कारण ते ग्राहकाच्या मालावर अविश्वास दाखवणं आहे. घनश्यामला पाच वाक्यांचं एक कार्ड देऊन ते गळ्यात घालायला लावलं. त्यानं पहिले तीन दिवस तोंडच उघडलं नाही. पण मौनाचीही नोंद होते, 'थंड प्रतिसाद' म्हणून, आणि चौथ्या दिवशी मी त्याला तसं लेखी कळवलं. तो मला म्हणाला, "भाऊ, ओलं धान आलं तर का म्हनू?" मी त्याला कार्डावरचं दुसरं वाक्य दाखवलं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, "आपल्या धानाचं मनःपूर्वक स्वागत आहे." दिवा हिरवा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको चंद्रकांता माझ्या घरी आली. तिला वाटलं, नवऱ्याला काही दुखणं जडलंय आणि तो लपवतोय. सकाळी जेवताना तो तिला म्हणाला होता, आपल्या भाजीबद्दल आम्ही आभारी आहोत. तिच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि भाजीत मीठ जास्त होतं. ती पदराला डोळे पुसत होती. मी तिला समजावलं की हा आजार नसून प्रशिक्षण आहे.

भावनांक भराभर चढला. बासष्ट, एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर. ज्याचं त्याचं धान घेतलं जात होतं, कुणाचा कट्टा परत जात नव्हता, लोक धान टाकताना हिरवं तोंड दाबून जात होते. संध्याकाळी तांदूळ न्यायला आले की मात्र पोत्यात हात घालून कणी बाहेर काढायचे आणि लाल दाबायचे. यावर टीना मॅडमनी तोडगा सुचवला. टॅबलेट काउंटरवरून उचलून फाटकाशी ठेवायचा, म्हणजे मत येतानाच घेतलं जाईल. जाताना गिऱ्हाईक थकलेलं असतं, त्याच्या मतावर विसंबून कसं चालेल? शिवाय कणी हा शब्द नकारार्थी ठरला. त्याऐवजी 'लघुतांदूळ' लिहायचं ठरलं. त्या महिन्यात आमचा लघुतांदूळ विक्रमी निघाला आणि भावनांक एक्क्याण्णव झाला. कंपनीनं आपल्याच सॉफ्टवेअरच्या उत्तम वापराबद्दल आपलाच 'ग्राहकानंद पुरस्कार' आम्हाला द्यायचं ठरवलं. पाहणीला समिती येणार होती.

समिती आली त्याच दिवशी चंद्रभागाबाई आल्या.

चंद्रभागाबाईंचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. नात प्रतिक्षा हिचं लग्न येत्या रविवारी होतं, पोरगी साकोलीला द्यायची होती. लग्नाच्या पंगतीसाठी बाईंनी शेतातल्या बांधीतला सात कट्टे चिन्नोर वेगळा काढून ठेवला होता. चिन्नोर शिजला की वास चार घरं सोडून जातो, आणि आमच्याकडे पाहुणे मांडव बघत नाहीत, आधी भात बघतात. पण माघातल्या अवकाळी पावसात घराच्या छपराचं एक कवेलू सरकलं आणि धान साठवलेल्या ढोलीत पाणी उतरलं. बाईंनी धान अंगणात दोन दिवस वाळवलं. तेवढं पुरलं की नाही हे त्यांना कळत नव्हतं, कारण दाणा चावून बघायला बाईंच्या तोंडात दात नव्हते. ते काम गेली कित्येक वर्षं घनश्यामच्या दातांनी केलं होतं.

बाईंनी टॅबलेटकडे बघितलंही नाही. सरळ घनश्यामपुढे कट्टा सोडला आणि म्हणाल्या, "पाह्य गा घनश्या, वाळलं का? नसन वाळलं तं सांग, अजून चार दिवस हायेत."

घनश्यामनं सवयीनं हात आत घातला. चार दाणे काढले. हात तोंडापर्यंत गेला. समितीचे तिघे खुर्च्यांवर बसून चहा पीत होते, टीना मॅडम लॅपटॉपकडे बघत होत्या. मी खाकरलो. एवढंच केलं मी, फक्त खाकरलो. घनश्यामचा हात खाली आला.

"आपल्या धानाचं मनःपूर्वक स्वागत आहे," तो म्हणाला.

"ते ऐकलं. वाळलं का ते सांग."

तो दाणे बोटांनी चोळत राहिला. इतकी वर्षं धान हाताळणाऱ्या माणसाला चावायचीही गरज नसते, हे मला माहीत होतं. दिवा पिवळा झाला होता. त्यानं एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"छान आहे, काकी," तो म्हणाला.

दिवा हिरवा झाला. बाईंचा जीव भांड्यात पडला. जाताना मी त्यांचं बोट धरून हिरव्या तोंडावर ठेवलं. समितीच्या अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी लग्नाला मी सहकुटुंब गेलो. भात वाढला गेला. चिन्नोरचा वास होता, तो कुठं जातो, पण दाणा म्हणून एक नव्हता. पानात सगळा गिचका. चंद्रभागाबाई पंगतीतून काठी टेकत फिरत होत्या आणि प्रत्येकाला विचारत होत्या, भात कसा झाला? पहिली पंगत म्हणाली, छान. दुसऱ्या पंगतीत मी होतो. मी म्हटलं, फारच छान, आणि वर आणखी थोडा वाढून घेतला. तिसऱ्या पंगतीत वरपक्षाची माणसं होती, व्याही होते, तेही छान म्हणाले.

हात धुवायच्या जागी मात्र निराळंच चाललं होतं. म्हातारीनं चांगला चिन्नोर विकला आणि पाहुण्यांना कणी खाऊ घातली, असं वराची मावशी म्हणाली. पोरीच्या घरची नियत अशी, तर पोरगी कशी असणार, असंही कुणी बोललं. प्रतिक्षा मांडवातल्या खुर्चीवर बसली होती, तिथपर्यंत ते ऐकू येत होतं. तिनं मान खाली घातली ती वर केली नाही.

चौथ्या पंगतीत घनश्याम बसला होता. गळ्यात कार्ड होतं, काढायचं राहिलं असावं. बाई त्याच्यापुढे आल्या आणि म्हणाल्या, "भात कसा झाला गा?"

छान म्हण, अशी मी लांबून त्याला खूण केली. त्यानं माझ्याकडे बघितलं, घास खाली ठेवला आणि उभा राहिला.

"कनी हाये काकी," तो मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाला. "तुनं चिन्नोरच देल्ला होता. ओला होता. मले हात लावल्याबरोबर समजलं होतं. मी सांगतलं नाई."

बाई काठी टेकत त्याच्या आणखी जवळ आल्या. मग म्हणाल्या, "मंग काहून नाई सांगतलं रे? मी तुलेच तं पुसाले आली होती."

"माह्या डोक्यावर दिवा लावला होता काकी," घनश्याम म्हणाला. "पन या तीन पंगती तुले छान म्हनून गेल्या. यायच्या डोक्यावर कोनता दिवा लटकून राहिला होता?"

कोपऱ्यातून कुणीतरी कढी मागितली आणि वाढपी पळाले. व्याही उठले, बाईंजवळ गेले आणि काहीतरी हळू बोलले. मावशी प्रतिक्षाशेजारी जाऊन बसली. म्हणजे पोरीवर जो ठपका बसायचा तो टळला, आणि बाईंची अब्रूही राहिली. पण सात कट्टे चिन्नोर गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी मी घनश्यामला नोटीस दिली. संस्थेच्या आवाराबाहेर, संस्थेचं कार्ड गळ्यात असताना, ब्रँडच्या सुरापासून फारकत घेतल्याबद्दल. त्यानं नोटीस वाचून घडी घातली आणि म्हणाला, आपल्या सूचनेचं स्वागत आहे. तेव्हापासून तो कार्डाबाहेरचा एक शब्द मिलमध्ये बोललेला नाही. भावनांक शहाण्णव आहे. पुरस्काराची ढाल माझ्या टेबलावर आहे. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत, पण जी येतात ती आनंदी असतात.

गेल्या आठवड्यात माझं स्वतःचं धान भरडायचं होतं. पोराला बघायला पाहुणे येणार होते. मी घरी चार दाणे चावून बघितले, मला काही समजेना. कट्टे घेऊन मिलमध्ये गेलो. जेवायची सुट्टी होती, कुणी नव्हतं. मी टॅबलेट बंद केला, माइकचा प्लग काढला, दिव्यावर रुमाल टाकला आणि घनश्यामला म्हटलं, बाबा रे, आता कुणी ऐकत नाही. शिव्या दे, पण खरं सांग. वाळलं का?

त्यानं दोन दाणे बोटांत चोळले. माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"छान आहे, साहेब," तो म्हणाला.

एकतीस वर्षांत त्यानं मला साहेब कधी म्हटलं नव्हतं. भाऊ म्हणायचा. मी कट्टे परत घरी आणले. अंगणात पसरून ठेवले आहेत, आणि वाळले की नाही हे गावात ज्याला विचारावं तो छान म्हणतो.

असो. जे घडलं ते मी काहीही न लपवता लिहिलं आहे. आता आपण वाचक आहात, आपलंही मत घ्यायला हवं, तशी पद्धत आहे. लेखन कसं वाटलं ते मोकळेपणानं सांगा. संकोच करू नका. मी इथे समोरच उभा आहे.