ईराची परीक्षा आणि माझा चेहरा

परीक्षा घ्यायला बाहेरचा माणूस कशाला, मी आहे की घरात, असं मी म्हणालो. एवढंच म्हणालो. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून निघालं, आणि माझी बायको शलाका ते वाक्य अजून अधूनमधून मला माझ्याच आवाजात ऐकवते.

परीक्षा आमच्या ईराची होती. ईरा दहा वर्षांची. तिला सगळं कळतं, फक्त वाचता येत नाही. म्हणजे अक्षरं येतात, पण ती एका ओळीत आली की त्यांचा शब्द होईपर्यंत पोरीचा जीव मेटाकुटीला येतो. शाळेत बाई तिला उभं करून धडा वाचायला लावायच्या आणि रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. शेवटी आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलं आणि पोटदुखी औषधाशिवाय गेली. आता ती विमान हवेत कसं तरंगतं ते कुणालाही समजावून सांगते. (आम्ही येलहंक्याला राहतो. डोक्यावरून हवाई दलाची विमानं सारखी जातात, त्यामुळे ऐकणाऱ्याला प्रात्यक्षिकही मिळतं.)

हेब्बाळला एक केंद्र आहे, तिथल्या कावेरी मॅडम अशा मुलांचं बघतात. मूळच्या निपाणीच्या, त्यामुळे आमच्याशी मराठीतच बोलतात. त्यांनी परीक्षेचे कागद दिले आणि सगळं नीट समजावलं.

"दोन भाग आहेत बघा. पहिल्यात उतारा ती एकटी वाचणार आणि चार पर्यायांतलं उत्तर निवडणार. दुसऱ्यात तसलाच उतारा तुम्ही वाचून दाखवणार. दोन्हीतला फरक बघून आम्ही ठरवणार, पुढच्या परीक्षांना हिला रीडर द्यायचा का. म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारं माणूस. लॅपटॉपवर सगळं रेकॉर्ड करा आणि तुम्ही तिच्या मागं बसा. सरी?"

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं मीही कानडीत म्हणालो. मी एका सरकारी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तपासणी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असा माझा समज होता.

आमच्याकडे तपासणीला दिल्लीहून साहेब येणार म्हटलं की आधी काय करतात, ते सांगतो. भिंतींना रंग देतात. जमिनीवर पिवळे पट्टे मारतात. दारात शेवंतीच्या कुंड्या येतात. आणि जे मशीन गळतं, ते बोम्मसंद्र्याच्या एका व्हेंडरकडे दुरुस्तीला म्हणून पाठवून देतात. साहेब गेले की ते गळत गळत परत येतं. या पद्धतीत मी केस पिकवलेत. त्यामुळे परीक्षा जवळ आल्यावर मी ईराला रोज सकाळी बदाम दिले, बसायची उजळणी करून घेतली आणि टेबलाला पॉलिशसुद्धा केलं.

"टेबलाची परीक्षा आहे का?" परीक्षेच्या सकाळी शलाकानं विचारलं.

"इम्प्रेशन," मी म्हणालो. ती ऑफिसच्या कॉलसाठी आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी मागे बसलो नाही. तपासणारा नेहमी समोर असतो, मागे उभा राहतो तो शिपाई, असं माझं साधं गणित. मी ईराच्या अगदी समोर खुर्ची टाकली, दोघंही दिसू असा लॅपटॉप बाजूला ठेवून सुरू केला आणि घड्याळाकडे बघून, "तू सुरू करू शकतेस," असं विमानतळावरच्या आवाजात सांगितलं.

पहिला उतारा एका उंटाबद्दल होता. ईरानं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी चेहरा निर्विकार ठेवला. (तसं मला वाटत होतं.) तिनं पेन्सिलीचं टोक पहिल्या पर्यायावर ठेवलं, दुसऱ्यावर नेलं, तिसऱ्यावर नेलं आणि तिथे खूण केली. बरोबर. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तसंच, पेन्सिल सावकाश खाली उतरली आणि नेमक्या उत्तरापाशी थांबली. मला आतून भरून येत होतं. बदाम एवढे लागू पडतील असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या भागात वाचायचं मला होतं. उताऱ्याबद्दल काहीही समजावून सांगायचं नाही, आवाजातून काही सुचवायचं नाही, असा नियम होता. म्हणून मी कागद तोंडासमोर धरला आणि अगदी सपाट आवाजात सुरुवात केली. गोष्ट एका विहिरीची होती. गावकरी पाणी भरायला जमले, इतक्यात बेल वाजली आणि दार उघडंच असल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या कस्तुराबाई वाटी घेऊन आत आल्या.

"श्रीकांतअण्णा, स्वल्प विरजण आहे काय वो?"

मी परीक्षा थांबवू शकत नव्हतो आणि शेजारधर्मही मोडू शकत नव्हतो. त्याच सपाट आवाजात म्हणालो, "विरजण फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहे," आणि पुढचं वाक्य वाचलं.

"पोरीला कशाला छळायलाय वो सकाळी सकाळी?" कस्तुराबाई फ्रीज उघडत म्हणाल्या. वरून विमान गेलं. मी वाचत राहिलो.

"बाबा," ईरानं विचारलं, "कस्तुराबाई गोष्टीत आहेत का?"

आता आली का पंचाईत. उताऱ्याबद्दल काही सांगायचं नाही. मी तसाच सपाट आवाजात प्रश्न वाचला. ईरानं मुकाट्यानं एका पर्यायावर खूण केली. तो चुकला. पुढचेही बरेच चुकले.

कागद आणि रेकॉर्डिंग पाठवल्यावर थोड्या दिवसांनी कावेरी मॅडमचा फोन आला. "एकटीनं वाचलेल्या भागात सगळी उत्तरं बरोबर आहेत. तुम्ही वाचून दाखवलं तिथं निम्मी चुकली. यावरून तर रीडरची गरज दिसत नाही. उलट रीडरचा त्रासच दिसतोय."

मी संध्याकाळी येताना मैसूरपाक आणला. शलाकानं तो डबा न उघडताच टेबलावर ठेवला. ईरा म्हणाली, "म्हणजे पुढच्या परीक्षेत मला एकटीनंच वाचायचं?"

"अगं, तुला येतंय की."

"मी वाचलंच नाही. पेन्सिल खाली खाली नेत गेले. बरोबर उत्तर आलं की तुझ्या भुवया वर जातात."

मी शलाकाकडे बघितलं. "जातात," ती म्हणाली. "लग्न ठरवताना तुला मुलगी पसंत आहे हे तुझ्या आईच्या आधी मला कळलं होतं."

"मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी ईराला विचारलं.

"तू खूश होतास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. शलाकानं तिला ओवा दिला, मग मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात म्हणाली, "ताप दाखवायला डॉक्टरकडे जाताना कुणी आधी पॅरासिटामॉल देऊन नेतं का, श्रीकांत?" मला फार वाईट वाटलं. गळकं मशीन झाकायची सवय माझी, आणि भोगायचं पोरीनं. मी मैसूरपाक फ्रीजमध्ये मागे सरकवला आणि हेब्बाळला फोन लावला.

"मॅडम, ते रेकॉर्डिंग जरा आवाज बंद करून बघा," मी म्हणालो. "ईराकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

थोड्या वेळानं त्यांचा उलट फोन आला. आधी नुसता हसण्याचा आवाज येत होता. मग त्या सावरून म्हणाल्या, "परीक्षा परत घेऊ. दुसरे कागद देते. तुम्ही मात्र घरात थांबायचं नाही."

दुसऱ्या खेपेला शलाका ईराच्या मागे बसली, आणि मी वरच्या मजल्यावर कस्तुराबाईंच्या स्वयंपाकघरात. त्यांनी मला शेंगा सोलायला दिल्या. लेकीला चांगले कमी मार्क पडू देत, असा नवस मी त्यांच्या देव्हाऱ्यासमोर बोललो. असा नवस बोलणारा बाप त्या देवानंही पहिल्यांदाच बघितला असावा. "तुमच्या घरात सगळंच उलटं वो," असं म्हणून कस्तुराबाईंनी मला आणखी शेंगा दिल्या.

देव पावला. एकटीनं वाचलं त्यात बहुतेक चुकलं, शलाकानं वाचून दाखवलं ते सगळं बरोबर आलं. कावेरी मॅडमनी फोनवर सांगितलं, "ईराला रीडर मंजूर. एकच अट आहे, रीडर वडील सोडून कुणीही चालेल." ईरानं मैसूरपाकचा डबा स्वतः काढला. मलाही एक तुकडा दिला.

त्या रात्री आम्ही पत्ते मांडले. चॅलेंज हा ईराचा आवडता खेळ. पत्ते पालथे टाकायचे, खोटं बोलायचं, आणि समोरच्यानं ते पकडायचं. या खेळात मी तिच्याविरुद्ध एकदाही जिंकलेलो नाही. आजवर मी ते नशीब समजत होतो. आता रोग कळला होता. मी तोंडाला मास्क लावला, माकडटोपी भुवयांखाली ओढली आणि दोन दुर्र्या खाली टाकून शांतपणे म्हणालो, "दोन एक्के."

"चॅलेंज," ईरा म्हणाली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"आता कशावरून?"

"बाबा, तुझा पायाचा अंगठा."

मी खाली बघितलं. तो हलत होता.