आयसमच्या बँजोतला मोजा

बँजो-स्पर्धेच्या मेळ्याच्या दिवशी सकाळी व्हर्डीने नवऱ्याचा बँजो पुसायला घेतला आणि तिथेच घात झाला.

आयसमच्या पणजोबांचा तो पाच तारांचा बँजो शंभरी ओलांडूनही नव्यासारखा होता. पितळी कडं चकचकीत, कातडं छान ताणलेलं. फक्त कातड्यामागे एक लोकरीचा मोजा कोंबलेला. "शी! चारचौघांत हे ध्यान मिरवायचं?" म्हणत व्हर्डीने तो ओढून काढला आणि थेट चुलीत घातला.

कॅरोलिनाच्या डोंगरातल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून नंबर येईपर्यंत आयसम पेटी उघडत नसे. शाळेच्या मैदानावर, मंचाच्या पायरीशी त्याने तारा छेडल्या, तर बँजो बादली बडवल्यासारखा वाजला.

"मोजा कुठाय?"

"जाळला. घाण होता."

"अगं बाई, तारांचा खणखणाट त्यानेच तर दबतो! पणजोबांपासूनचा होता तो!"

"वासही पणजोबांपासूनचाच होता."

आयसमचा चेहरा पडला. सलग चार वर्षं मेव्हणा हॉबर्ट पहिला येत होता आणि पहिल्या नंबरची निळी फीत लावून दर रविवारी यांच्याकडे जेवायला येत होता. यंदा त्याला हरवायचंच म्हणून आयसमने हिवाळाभर गोठ्यात सराव केला होता.

"मग पायातला काढ की!" व्हर्डी म्हणाली.

पण तिनेच हौसेने आणलेले नवे बूट निघेनात. ती ओढतेय, तो पायरी धरून बसलाय. माईकवरून त्याचं नाव दोनदा पुकारून झालं. तिसऱ्यांदा पुकारलं की नंबर बाद.

हॉबर्ट नुकताच वाजवून उतरला होता. सफरचंदाची तळलेली करंजी खात तो म्हणाला, "दाजी, आता बूटच वाजवा!"

व्हर्डी ताडकन उठली. भावाच्या मांडीवरच्या बँजोत हात घालून तिने त्याचाच मोजा उपसला.

"ए! बाबांचा आहे तो!"

"मग माझाही आहे. लग्नात मला काय दिलंत? एक कोंबडी!"

मोजा बसला आणि बँजोला कंठ फुटला. आयसमने असा काही वाजवला, की परीक्षक बाई पेन्सिल विसरून ठेका धरू लागल्या आणि मागे गवतावर लोक नाचायला उठले. निळी फीत छातीवर लागली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"काय आवाज! गुपित काय हो?" निवेदकाने विचारलं.

आयसम बायकोची लाज राखायला "सराव, सराव" म्हणू लागला. तिने मात्र माईक ओढून घेतला, मान ताठ केली आणि साऱ्या मैदानाला ऐकवलं, "मोजा! आणि तोही माझ्या माहेरचा!"