चौथ्या मजल्याचे मत

मतदान झाले, बोटाला शाई लागली आणि त्याच क्षणी आईचे वजन वाढले. सकाळी तिला चौथ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवताना जे लोक "आजी म्हणजे फूल आहे फूल!" म्हणत होते, तेच आता खुर्चीकडे बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हिला वर कोण नेणार?" तिच्या मुलाने, म्हणजे चष्मेवाल्यांनी, विचारले.

"आलोच काका. मागच्या जिन्यातल्या मावशी राहिल्यात, त्यांना आणतो की आलोच," असे म्हणून ते उचलणारे गेले ते गेलेच. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण ज्याने काढली, त्याने कुठल्यातरी सोसायटीची निवडणूक नक्की पाहिली असणार.

चष्मेवाल्यांचे कोपऱ्यावर चष्म्यांचे दुकान होते. वाकून वाकून भिंगे घासण्यात त्यांची पाठ कामातून गेली होती. पाण्याची बादली उचलली तरी मणका ओरडायचा. आई अंगाने भरदार आणि गुडघ्यांनी निकामी. इमारतीची लिफ्ट मावळत्या अध्यक्षांच्या राजवटीत बंद पडली होती, आणि ती सुरू करण्याचे वचन देऊनच अध्यक्ष पुन्हा उभे राहिले होते. त्यांच्या विरोधात होता जिमवाला. रस्त्यापलीकडे त्याची व्यायामशाळा होती, आणि वचन त्याचेही लिफ्टचेच होते. सकाळी दोघांची माणसे एकाच वेळी आईला न्यायला दारात हजर झाली. "आजी आमच्या", "आजी आमच्या" करत जिन्यावर ओढाताण झाली. शेवटी खुर्चीचे पुढचे दोन पाय जिमवाल्याच्या पोरांनी आणि मागचे दोन अध्यक्षांच्या माणसांनी धरले, तेव्हा कुठे वरात हलली. वाटेत आईने पुढच्यांना सांगितले, "हो रे बाळा, तुलाच देणार." मग मान वळवून मागच्यांनाही तेच सांगितले.

तळमजल्यावर सोसायटीच्या कार्यालयात मतदान होते. सरकारी कचेरीतून आलेला निवडणूक अधिकारी तिथे पेटी सांभाळत बसला होता. आईने मत दिले आणि चिठ्ठी पेटीत टाकणार, एवढ्यात अध्यक्षांचा माणूस ओरडला, "हरकत! आजींना जिमवाल्याच्या पोरांनी उचलून आणलंय. हे प्रलोभन आहे!"

"आमचीही हरकत!" जिमवाला गरजला. "अध्यक्षांचे लोक मागून धरून होते की!"

अधिकाऱ्याने दोन्ही हरकती लिहून घेतल्या आणि आईची चिठ्ठी न उघडता पाकिटात घालून पाकिटाला लाख लावली. हरकतींचा निकाल लागला की मोजू, म्हणाला. तेव्हा कोणालाच त्याचे काही वाटले नाही. एका मताने काय होते, असे सगळेच म्हणाले.

संध्याकाळी मोजणीत जिमवाला एका मताने आला. अध्यक्षांनी फेरमोजणी मागितली, तर अध्यक्ष एका मताने आले. एका चिठ्ठीवरचा शिक्का पुसट होता, आणि तो ज्याच्या हातात जाई त्याच्या बाजूने स्पष्ट दिसे. अधिकाऱ्याने कंटाळून ती चिठ्ठी बाद केली आणि दोघे समसमान झाले. मग सगळ्यांच्या माना हळूहळू पाकिटाकडे वळल्या, आणि पाकिटाकडून आईकडे.

आई कोपऱ्यात खुर्चीवर पेंगत होती. तिला वर न्यायला अजून कोणी आले नव्हते.

"साहेब, मी दोन हमाल बोलावतो आणि आईला घरी नेतो," चष्मेवाले म्हणाले.

"हमाल कोणाचे?" अधिकाऱ्याने विचारले.

"माझे. मी पैसे देणार."

"तुम्हाला ते कोणी दिले, याची चौकशी होणार. हे बघा, हरकत उचलण्यावरूनच आलीय. निकालाआधी पुन्हा कोणी उचललं, तर मत बाद. त्या स्वतःच्या पायांनी गेल्या तर माझी काही ना नाही."

"अहो, ती माझी आई आहे!"

"म्हणजे तुम्ही निःपक्षपाती नाहीच," अधिकारी म्हणाला आणि लाखेची कांडी खिशात टाकून निघून गेला.

खरे तर मत बाद झाले असते तर चष्मेवाल्यांनी पेढ्याऐवजी भिंगे वाटली असती. पण आई हटून बसली. "चार मजले उतरलेय मी, जीव मुठीत धरून. मत बाद नाही होऊ द्यायचं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, राहीन इथे." दोन्ही पक्षांनाही ते मत आपलेच आहे अशी खात्री होती. समोरचा चोरून आजींना वर नेईल आणि आपले मत बाद करील, या भीतीने दोघांनी कार्यालयाच्या दाराशी आपापला पहारेकरी बसवला. चष्मेवाल्यांनी आतल्या बाकावर गादी घातली. शौचालय लागूनच होते, तेवढे एक सुख.

पहिला आठवडा आईचा मजेत गेला. जिमवाल्याकडून फळे येत, अध्यक्षांकडून चहा-बिस्किटे. मग फळांवर अध्यक्षांनी हरकत घेतली आणि बिस्किटांवर जिमवाल्याने. दोन्ही बंद झाले. पुढे पुढे तर आईने पाणी मागितले तरी पहारेकरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत. दिले तर प्रलोभन, न दिले तर छळ. सुनावणीची तारीख पडली, पुढे गेली, पुन्हा पडली. एकदा अधिकारी आजारी, एकदा वकील परगावी, एकदा पाकीटच दुसऱ्या कपाटात. बघता बघता दुसरा महिना लागला.

वर चौथ्या मजल्यावर बाबा होते. तीन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली, तेव्हापासून ते पलंगावर. जीभ जड झाली होती, डोके शाबूत होते. लग्नाला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या या जोडप्याने एकमेकांशी धडपणे बोलल्याचे कोणाला आठवत नव्हते, पण बाबांना भरवायची आईच. सुनेच्या हातचा घास ते तोंडात घेत आणि भिंतीकडे बघत तसाच ठेवत.

"कुठे आहे?" ते विचारत.

"खालीच आहेत बाबा. येतील आज-उद्या," सून सांगे. ती दवाखान्यात औषधे देण्याच्या खिडकीवर काम करायची. लोकांना आज-उद्याचा भरवसा देण्याची तिला सवय होती. पण बाबांच्या गळ्याची हाडे दिसू लागली, तेव्हा तिचाही धीर सुटला. चष्मेवाले रात्री आईशी फोन जोडून बाबांच्या कानाला लावत. तिकडून आई "जेवा हो" म्हणे, इकडून बाबा नुसते श्वास घेत. हे ऐकत उभे राहण्याइतके वाईट काम चष्मेवाल्यांनी आयुष्यात केले नव्हते.

इमारतीचेही हालच होते. सही करायला अध्यक्षच नाही, म्हणून जिन्यातले दिवे गेले ते गेले. कचरा उचलणाऱ्याने येणे बंद केले. पाण्याचा पंप खोकत होता. फळ्यावर दोन सूचना शेजारी शेजारी लागत, दोन्हींखाली "अध्यक्ष" अशी सही. सुरुवातीला लोक हिरीरीने बाजू घेत. मग दोघांनाही शिव्या घालू लागले. शेवटी शिव्यांचाही कंटाळा आला.

"कोणीही या रे, पण एकदाचे या!" दुसऱ्या मजल्यावरची शिंपीणबाई अंधारात पायरी चुकून पडली, तेव्हा घोटा धरून ओरडली. खालून दोन्ही पहारेकरी एका सुरात म्हणाले, "आमचेच येणार, ताई."

त्या रात्री सून चष्मेवाल्यांना म्हणाली, "अहो, आईंना वर न्यायला बंदी आहे ना? मग बाबांना खाली आणायला कोणाची बंदी आहे?"

चष्मेवाल्यांनी हिशेब केला. घर आईच्या नावावर. बाबांना मत नव्हते. त्यांना जिन्यावरून न्या, गच्चीवरून न्या, कोणी विचारणार नव्हते. सकाळी फर्निचर वाहणारे दोघे बोलावले. त्यांनी बाबांना चादरीने खुर्चीला बांधले आणि एकदाही न थांबता खाली आणले. दाराशी पहारेकरी उठले.

"कोण आहेत?"

"मतदार नाहीत," चष्मेवाले म्हणाले. पहारेकरी लगेच खाली बसले.

आईने बाबांकडे पाहिले. "काय ही दशा करून घेतलीत!" एवढे बोलून तिने वाटी-चमचा हातात घेतला. बाबांनी सगळा मऊ भात खाल्ला आणि आणखी मागितला. चष्मेवाले चष्मा पुसायला बाहेर गेले आणि बराच वेळ पुसत राहिले.

आता बाबांना बसवायचे कुठे, असा प्रश्न आला. त्यांना हात टेकायला दांडे आणि मान टेकायला उंच पाठ लागे. कार्यालयात तशी खुर्ची एकच होती, मोठ्या टेबलामागची, जिच्यासाठी हे सगळे रामायण चालले होते. तिच्यात बाबा असे फिट्ट बसले, की जणू मापाने शिवली असावी.

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई लंगडत आली. अंधारात इतके दिवस चालून तिला खुर्चीत माणूस दिसल्याचाच एवढा आनंद झाला, की तो कोण आहे याची चौकशी न करता ती सरळ बोलू लागली. "जिन्यात दिवे नाहीत. आम्ही मरायचं का? काय करायचं ते सांगा!"

बाबांनी विचार केला. जड जिभेने म्हणाले, "दिवे... लावा."

शिंपीणबाई दारातून परत वळली. इतक्या दिवसांत तिला कोणी एवढे स्पष्ट उत्तर दिले नव्हते. तिने दुकानातून दिवे आणले आणि शेजारच्या पोराला स्टुलावर चढवून लावून घेतले. ही बातमी चारी मजल्यांवर गेली. मग कचऱ्याचे विचारायला लोक आले. "उचला," बाबा म्हणाले, आणि पाळी लावून लोकांनी उचलला. पंपाचे विचारले. "दुरुस्त करा." वर्गणी काढून झाला. भांडणे घेऊन दोघे शेजारी आले, तर बाबा त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिले की ते ओशाळून परत गेले. आठवड्याभरात लोक "अध्यक्षांना विचारून येतो" म्हणू लागले, आणि ते कोणाबद्दल, हे कोणाला सांगावे लागेना.

हे कानावर गेले तसे मावळत्या अध्यक्षांचे धाबे दणाणले. त्याच दुपारी जिमवाल्याच्या व्यायामशाळेत दोघे बंद दाराआड बसले. जे काम कचेरीला दोन महिन्यांत जमले नाही, ते एका कप चहात झाले. संध्याकाळी अधिकाऱ्याला कार्यालयात बोलावून दोघे खांद्याला खांदा लावून त्याच्यासमोर उभे राहिले.

"आमच्या हरकती मागे घेतो," अध्यक्ष म्हणाले.

"मत मोजा," जिमवाला म्हणाला. "पण आधी या कुटुंबाला इथून हलवा. हे कार्यालय आहे, धर्मशाळा नाही. बिनमताचा माणूस खुर्चीत बसतो म्हणजे काय! लोकशाहीची चेष्टा आहे ही!"

"मोठी चेष्टा," अध्यक्षांनी दुजोरा दिला.

अधिकाऱ्याने सर्वांसमक्ष लाख फोडली. आईने दोन्ही नावांवर शिक्के मारले होते, एकावर एक आणि दुसऱ्यावर एक, अगदी सरळ.

"हे काय आजी?" जिमवाला किंचाळला.

"खुर्चीचे दोन पाय तू धरलेले, दोन त्यांनी. मग एकट्याला कसं देणार?" आई म्हणाली. "मी शब्द दोघांना दिला होता."

मत बाद. दोघे पुन्हा समसमान. आता कोर्टात जाऊ, असे दोघांनी एकमेकांना बजावले. पण त्याआधी दोन्हीकडच्या माणसांनी मिळून आईला आणि बाबांना उचलले आणि चार मजले इतक्या तडफेने चढवले, की तेवढी तडफ मतदानाच्या दिवशीही दिसली नव्हती. दारात त्यांना ठेवून पोरे खाली धावली. खाली कार्यालयाला दोन कुलुपे लागली, एकेकाचे एकेक. लिफ्टच्या दारावर "बंद आहे" ही पाटी होतीच.

घरात आल्यावर आईने पदर खोचला, बाबांच्या उशा ठाकठीक केल्या आणि चहा टाकला. चष्मेवाल्यांना वाटले, सुटलो एकदाचे. पाठ टेकून ते जमिनीवरच आडवे झाले.

बाबा खिडकीकडे तोंड करून पडले होते. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती, तीन वर्षे दिसत होती तीच. बशीतला चहा तसाच निवत होता.

"प्या ना," आई म्हणाली. "आता काय झालं?"

"खाली... रस्ता दिसायचा," बाबा म्हणाले. "माणसं यायची." मग बराच वेळ शब्द जुळवून त्यांनी विचारले, "पुढची निवडणूक... कधी?"

"कशाला हवीय ती? आता कोणाला निवडून द्यायचंय?"

"कोणालाच नाही," बाबा म्हणाले. "खाली जायचंय."