पर कॅपिटा म्हणजे किती डोकी

माणसाच्या सगळ्या अवयवांत सरकारदरबारी मोजला जातो तो एकच, डोकं. हात किती राबतात, पोट किती रिकामं आहे, याला कुठल्याही अर्जात रकाना नसतो. म्हणून 'पर कॅपिटा' हा शब्द मुलांना पाढ्यांच्या आधी शिकवावा, असं माझं मत आहे.

अर्थ सोपा आहे: दरडोई. उपयोग शिकायला मात्र दुष्काळ लागतो. तो आम्हाला मिळाला.

शहर वाढत वाढत शेंद्र्याच्या कारखान्यांच्या पुढं आलं, तेव्हा ज्वारीच्या रानात आमची वस्ती उगवली. घरं बासष्ट, माणसं दोनशे अठ्ठेचाळीस, नळ बासष्ट (पाणी नियोजित). टंचाईच्या साली टँकर मंजूर झाला: पर कॅपिटा वीस लिटर. यात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं आणि पाहुणचार आला. गाय धरलेली नाही, तिला डोकं असलं तरी.

डोकी मोजायला मोतीराम कारकून आले. माणूस सज्जन. नियम तीन. डोकं प्रत्यक्ष दिसलं पाहिजे. वस्तीत पाच मिनिटं आढळलेली व्यक्ती रहिवासी धरावी. एकाच व्यक्तीला दोनदा मोजू नये (यासाठी व्यक्ती ओळखावी लागते, त्यामुळं हा नियम मोतीरामांना लागू नव्हता).

पहिलंच घर दगडाबाईचं. ती एकटी राहते.

"डोकं एक," मोतीराम म्हणाले.

"एक कसं? सोमवारी माझी प्रेरणा बाळंतपणाला यायली."

"आली की मोजू. पुढल्या वर्षी."

"तवर बाळंतिणीला वीस लिटरात न्हाऊ घालू का? आन् पोटातल्याला डोकं नाय व्हय?"

"असंल मावशी. पण दिसत नाय. दिसलं पायजे."

वीस लिटर आणि तीन जीव. दगडाबाई तशीच माझ्या ओट्यावर आली. तिथं चौदा मुलं गणितं सोडवत होती.

"गुरुजी, तुमच्या त्या कॅपिटाला इचारा, म्या लेकीला येऊ नको म्हणू का?"

सत्यमनं पाटी खाली ठेवली. "गुरुजी, डोकी वाढली तर पाणी वाढतं का?"

गणितानं वाढतं. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. शिक्षक म्हणून माझं एवढंच चुकलं.

सत्यम, सावनी आणि धाकटा सांडू मागच्या दारानं दगडाबाईच्या घरात शिरले आणि पुढच्या दारात उभे राहिले. मोतीरामांना चहा दिला होता, तो त्यांनी पाच मिनिटं पुरवला. मग त्यांनी एकाचे चार केले. ऐंशी लिटर. बाळंतपण त्यात बसलं.

हे शेजारच्या लक्ष्मीबाईंनी पाहिलं. त्यांना पाणी नको होतं, फक्त अन्याय नको होता. त्यांनी सात मुलं मागितली. तिसऱ्या घरानं चौदाही. दुपारपर्यंत माझा वर्ग मागच्या गल्लीतून असा पळत होता, की तसा शाळेच्या स्पर्धेतसुद्धा कधी पळाला नव्हता. सत्यम एकोणीस ठिकाणी राहत होता. अकराव्या घरी त्याला ताप होता, पंधराव्या घरी तो पांघरुणाखाली आजोबा होता.

"या गावची पोरं एकसारखीच दिसायलीत," मोतीराम एकदा म्हणाले.

"पाणी एकच पितेत ना," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी बेरीज झाली: सातशे अडतीस. घरटी जवळजवळ बारा. मुलं दमली होती, पण सरासरी म्हणजे काय हे त्यांना कायमचं कळलं होतं.

पंधरा दिवसांनी आदेश आला. तो इतका तर्कशुद्ध होता की मी मुलांकडून तो शुद्धलेखनाला लिहून घेतला. "ज्याअर्थी सदर वस्तीची लोकसंख्या अल्पावधीत तिप्पट झाली आहे, आणि ज्याअर्थी पाणी नसलेल्या ठिकाणी माणसे राहायला जात नाहीत, त्याअर्थी सदर वस्तीत टंचाई नाही. टँकर बंद करण्यात येत आहे." त्याच आठवड्यात शेजारच्या रानात प्लॉटची पाटी लागली: 'मुबलक पाणी (सरकारी नोंद)'.

प्रेरणा आली होती. बुधवारी तिला मुलगी झाली. आता डोकं दिसत होतं, जावळासकट. पण टँकर नव्हता. शेंद्र्याच्या कारखान्यांत जाणारी मंडळी पाळी सुटली की मोटारसायकलला कॅन बांधून पाणी आणत, आणि घरोघरी ते तांब्यानं मोजलं जाई.

उपाय मुलांनीच काढला. सावनी म्हणाली, "आम्ही तिघं सरकारी कागदावर दगडाआजीकडं राहतो. मग आमच्या वाट्याचं पाणी तिथंच जायला पाहिजे."

मी हेही गणित तपासलं. बरोबर होतं. तेव्हापासून तिघंच नाही, चौदाही मुलं रोज आपापल्या घरून एकेक तांब्या घेऊन जातात. बाळ रोज न्हातं, आणि वस्तीत सगळ्यात मोठ्यानं तेच रडतं.

मोतीराम परवा फेरतपासणीला आले. त्यांना मी हे सगळं असंच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वाचणाराला किती येळ लागंल?"

"पाचेक मिनिटं."

त्यांनी वही उघडली आणि तुम्हाला रहिवासी धरलं. आता आम्ही सातशे एकोणचाळीस. टँकर तुमच्यामुळं बंद आहे असं मी म्हणणार नाही (मुलं म्हणतात). दगडाबाईचं घर डावीकडून पहिलं. एक तांब्या पुरे. फक्त निघण्याआधी, मघापासून तुमच्या मोरीत बादली भरून वाहते आहे, तेवढा नळ बंद करून या.